नावाची पट्टी जपली, सूर घासून टाकले

गिरगाव, दादर, लालबाग, परळ इथल्या जुन्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. इमारत रिकामी करायची वेळ आली की माळ्यावरचं सगळं खाली येतं. त्यात पितळी भांडी आणि ट्रंका असतात, तसं बऱ्याचदा एखादं वाद्यही निघतं. कुणाकडे नाटक कंपनीतल्या वादकाची पायपेटी, कुणाकडे आजोबांच्या गुरूंचा तानपुरा, कुणाकडे नामवंत तबलजींनी शिष्याला दिलेला डग्गा. तात्पुरत्या भाड्याच्या घरात त्याला जागा नसते. टॉवरमधल्या नव्या घरात मात्र ते दिवाणखान्यात दिसायला हवं असतं, आणि नातीने गाण्याचा क्लास लावला असेल तर वाजायलाही हवं असतं. मग घरात वाद सुरू होतो. आहे तसं ठेवायचं, की हवे ते फेरफार करून वापरात आणायचं?

हा वाद चार भिंतींतला वाटला तरी तो तेवढाच नाही. या शहराचं संगीत सभागृहांत जितकं घडलं तितकंच खोल्यांमध्ये घडलं. पलुस्करांनी १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, अल्लादिया खाँसाहेब आयुष्याची अखेरची वर्षं इथे राहिले आणि १९४६ मध्ये इथेच गेले, नाटक कंपन्यांचे वादक इथल्याच चाळींतून राहिले. त्या काळच्या ध्वनिमुद्रिका, फोटो, पत्रं यांचं मोल आता आपल्याला कळू लागलं आहे. वाद्यं मात्र ज्याच्या घरात आहेत त्याच्या समजुतीवर आणि ऐपतीवर सोडलेली आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नामवंताच्या वाद्यात बदल करायला माझी हरकत नाही, ते वाजायलाच हवं. पण आपण जपायच्या आणि बदलायच्या गोष्टींची नेमकी अदलाबदल करतो. लाकडाचा रंग, नावाची पट्टी, हस्तिदंती फुलं यांना जिवापाड सांभाळतो, आणि वादकाने त्या वाद्यात खरोखर जे घातलं होतं ते 'साधी दुरुस्ती' म्हणून पुसून टाकतो.

आधी 'हातच लावू नका' म्हणणाऱ्यांकडे वळू. भावना चांगली आहे, पण ती वाद्याच्या स्वभावाशी जुळत नाही. तबल्याचं बघा. पुडी, म्हणजे वरचं कातडं, ही खर्चाचीच वस्तू. रोजच्या रियाजात तिच्यावरचा काळा गोल, म्हणजे शाई, सुटते, तिला ताणून धरणारी चामड्याची वादी सैल पडते, आणि ती बदलावीच लागते. गंधर्व नाटक मंडळीत थिरकवाँ खाँसाहेब तबला वाजवत होते त्या काळातली पुडी कुणी आज दाखवली, तर मी तिला नमस्कार करण्याआधी शंका घेईन. उरतं ते तबल्याचं लाकडी खोड आणि डग्ग्याचं भांडं. माहीमला वाढलेल्या झाकीर हुसेन यांचे तबले पुढे मुंबईतच, मूळच्या मिरजेच्या एका कारागिराच्या हातून तयार होत. त्या तबल्यांचा आवाज जितका वाजवणाऱ्याचा होता तितकाच पुडी चढवणाऱ्याचाही होता. 'मूळ स्थितीतला तबला' ही गोष्टच मुळात काही महिन्यांपुरती असते.

पाश्चात्त्य देशांत जुनी वाद्यं कशी जशीच्या तशी राखतात, असा दाखला या वादात हमखास दिला जातो. तोही पुरता खरा नाही. इटलीच्या स्त्रादिवारी या कारागिराने १७१६ मध्ये बनवलेलं 'मसाया' हे व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेआड आहे. ते फारसं वाजलंच नाही, आणि न वाजवलेलं व्हायोलिन म्हणूनच त्याची ख्याती. पण त्याचीही मान १९व्या शतकात व्हियोम या पॅरिसच्या कारागिराने नव्या काळाच्या मापाला आणली होती. त्या काळातल्या जवळजवळ सगळ्याच जुन्या व्हायोलिनांचं असंच झालं, कारण मैफलींची दालनं मोठी झाली आणि तारांवरचा ताण वाढला. दुसरीकडे नामवंत व्हायोलिनवादक पागानिनीचं १७४३ चं ग्वारनेरी व्हायोलिन त्याने आपल्या जिनोआ शहराला दिलं. शहर ते सांभाळतं, आणि त्याच्या नावाच्या स्पर्धेतल्या विजेत्याच्या हातात ते वाजवायलाही देतं. मला जिनोआचा मार्ग जास्त पटतो.

शिवाय आपली हवा ऑक्सफर्डची नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, भात्याच्या घड्या चिकटतात, रीडांवर, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांवर, हिरवट थर चढतो. तानपुऱ्याच्या भोपळ्याला कीड लागली तर बाहेरून बराच काळ पत्ता लागत नाही. वाजतं वाद्य रोज कुणाच्या तरी हाताखालून जातं, म्हणून त्याचं दुखणं लवकर कळतं. ज्यांना वाद्य न वाजवता जपायचं आहे त्यांनी हवेतला ओलावा आटोक्यात ठेवण्याची सोय करावी आणि तिचा खर्च बारा महिने सोसावा. ते जमणार नसेल तर गोदरेजच्या कपाटावर खोळीत घालून ठेवण्याला जतन म्हणू नये.

दुसरा पक्ष मालकीवाल्यांचा. वस्तू माझी, मी काहीही करीन. कायद्याने त्यांचं फारसं चुकत नाही. पुरावशेष आणि कलानिधी यांच्याबद्दलचा १९७२ चा कायदा साधारणपणे १०० वर्षांच्या वरच्या वस्तूंचा विचार करतो, आणि त्याचा रोख मुख्यतः व्यापारावर आणि वस्तू देशाबाहेर नेण्यावर आहे. कलाकृतीची मोडतोड झाली तर कलावंताला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उखडलं, तेव्हा उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेहगलांच्या बाजूने निकाल दिला. पण तानपुरा ही काही गायकाची कलाकृती नव्हे, ती फार तर तो बनवणाऱ्याची. गायकाचा त्यावर कायदेशीर हक्क काहीच उरत नाही.

हक्काच्या भाषेने हा प्रश्न कुठवर जातो ते बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनायांनी दाखवून दिलं. वाराणसीत त्यांच्या कुटुंबाच्या घरातून त्या नाहीशा झाल्या. जानेवारी २०१७ मध्ये पोलिसांनी तपास लावला तेव्हा माग घरातल्याच माणसापर्यंत पोचला, आणि हाती आली ती सुमारे किलोभर वितळवलेली चांदी. वारसालाच जर धातूचा भाव दिसत असेल, तर 'घरचे लोक बघतील काय करायचं ते' हे उत्तर पुरेसं कसं म्हणायचं? सगळे वारस असे नसतात, हे उघड आहे. बहुतेकांना जपायचंच असतं. काय जपायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत जोरकस आहे, आणि तो बहुतेकदा वादकच करतात. ते स्वतः कुठे हात जोडून बसले होते? विलायत खाँसाहेबांनी खर्जाची तार काढली, तारांची जुळणी बदलली, मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पेलावी म्हणून सतारीची बांधणी भक्कम करून घेतली. शिवकुमार शर्मांनी काश्मिरी संतूर मांडीवर घेतलं, तारांची मांडणी नव्याने केली, आणि १९५५ मध्ये मुंबईतल्या मैफलीत ते शास्त्रीय संगीतात उतरवलं, तेव्हा हे वाद्य रागाला लायकच नाही म्हणणारे पुष्कळ होते. वाद्याचं पावित्र्य वगैरे मनात धरलं असतं तर आज संतूर काश्मीरच्या सूफी मैफलींबाहेर आलंच नसतं. रॉक ऐकणाऱ्यांना पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार आठवेल. तिची मान, पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग), आतलं वायरिंग त्याने इतक्यांदा बदललं की मूळ गिटार किती उरली हे हिशोब मांडूनच ठरवावं लागेल. तरी २०१९ मध्ये तिचा लिलाव जवळपास ४० लाख डॉलरला झाला.

हे सगळं मान्य. पण या उदाहरणांत बदल करणारा आणि वाजवणारा माणूस एकच आहे. गिलमोरने फिरवलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या कानाने मागितला होता. त्याच्या मागून येणारा तोच स्क्रू फिरवतो तेव्हा आधीच्याचा निर्णय पुसून आपला लिहितो. पुसायला बंदी असावी असं मी म्हणत नाही. आपण काय पुसतो आहोत हे निदान ठाऊक तर असावं.

इथे मला पेटीवर थोडं रेंगाळायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिचं होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेटी मुळात बदलांतूनच जन्मली. पॅरिसला दबाँने १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडवलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवायची पेटी काढली. आपल्या संगीत नाटकांनी पायपेटी आणि ऑर्गन दोन्ही आपलेसे केले. मग आक्षेप आला की या वाद्याचे सूर आपल्या रागांचे नाहीत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. आक्षेपात तथ्य होतं. समान अंतरांच्या सप्तकात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार ३८६ च्या जवळपास असतो. हा १४ सेंटचा फरक ऐकायला पंडित असावं लागत नाही. तानपुऱ्याशेजारी पेटीचा गांधार धरून ठेवला की तो टोचतो.

आता, महाराष्ट्रातल्या पेटीवाल्यांनी हा आक्षेप मुकाट्याने गिळला नाही. देवल आणि क्लेमंट्स या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांची, पेटी करून पाहिली होती, आणि अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी घडवली. ही नवी वाद्यं झाली. पण गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिलेल्या या परंपरेत आणखी एक साधा, घरगुती उपाय होता: आहे तीच पेटी आपल्या षड्जाला धरून कानाने लावून घ्यायची. गांधार किंचित उतरवायचा, धैवत, निषाद त्याच्या नात्यात बसवायचे. याला गांधार ट्यूनिंग म्हणतात. अशी पेटी एकाच पट्टीत गोड लागते. षड्ज हलवला की ती रुसते. म्हणूनच स्केल चेंजरवाल्या, म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणाऱ्या, पेटीला ही जुळणी मानवत नाही.

हे लावणं होतं कसं? रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाकडे कानस फिरवली की ती हलकी होते आणि सूर चढतो. मुळाकडे घासली की लवचीक होते आणि सूर उतरतो. म्हणजे दर वेळी धातू कमी होतो आणि तो परत येत नाही. तीन सप्तकांच्या, ३७ पट्ट्यांच्या दुहेरी (दर पट्टीला दोन रीडांच्या) पेटीत अशा ७४ जिभा असतात. त्यांतल्या प्रत्येकीवर कुणीतरी, बहुधा वादकाला समोर बसवून, त्याचा कान काय म्हणतो ते विचारत घासलेलं असतं. या पेटीवाल्याला भीमपलासीतला कोमल गांधार कुठे हवा होता, तो मध्यमाशी जवळीक करत होता की ऋषभाशी, कोणत्या पट्टीच्या गायकाला तो जास्त साथ करत होता, याची सगळी टिपणं त्या ७४ जिभांवर आहेत. आकाशवाणीच्या बंदीला पेटीवाल्यांनी दिलेलं खरं उत्तर लेखांत जितकं सापडेल, त्याहून जास्त त्या पितळेत सापडेल.

आणि आपण काय करतो? पेटी दुकानात नेतो. "वरचं लाकूड खरवडू नका हं, ही नावाची पट्टी तशीच राहू दे. आणि सूर एकदम चोख लावून द्या, मोबाइलवर तपासून." मोबाइलला समान अंतरं ठाऊक आणि आधारसुराचा सेकंदाला ४४० कंपनांचा मापदंड ठाऊक. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता, त्यामुळे जुन्या पॅरिस रीडांची पेटी आजच्या पेटीपेक्षा सुमारे २० सेंट उतरलेली निघाली तर नवल नाही. कारागीर गिऱ्हाइकाने सांगितलं तसं करतो. एकेक रीड टोकाला घासून वर आणतो, गांधार जागेवरून उठवून अ‍ॅपच्या रेषेवर बसवतो. दोन दिवसांत पेटी 'चोख' होते. नावाची पट्टी चकचकीत असते. बाकी ती पेटी आता कुठल्याही दुकानातल्या पेटीसारखी वाजते.

गिटारवाल्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा लवकर कळली असं म्हणावं लागतं. ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमध्ये मानेकडच्या पिकअपचं चुंबक उलटं बसलं होतं. दोन्ही पिकअप एकदम लावले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा निघायचा. नियमाने पाहिलं तर हा दोष. ती गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली आणि २०१४ पासून मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. तिघांपैकी कुणीही ते चुंबक सुलट केलं नाही, आणि हॅमेट ती काचेत न ठेवता हजारो लोकांपुढे वाजवतो. रंग उडाला, तडे गेले, सुटे भाग बदलले, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दोष तेवढा राखला आहे.

तेव्हा बदल करावा की नाही, यापेक्षा तो परत फिरवता येईल का, हे आधी विचारावं. भाता बदला, खुशाल बदला, कापड आणि चामडं कधी ना कधी फाटणारच. तारा बदला, खुंट्या नव्या बसवा. माइक लावायचा असेल तर वरून चिकटवायचा मिळतो, त्यासाठी तबलीला (भोपळ्यावरच्या पातळ फळीला) भोक पाडू नका. तानपुऱ्याची जवारी तर काढावीच लागते, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा तासून नाद खुलवावा लागतो, कारण तारा घोडीवर चर पाडतात आणि आवाज मरतो. अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते, त्यांना कुणी 'जवारीला हात लावू नका' म्हटलं असतं तर ते हसले असते. मात्र जुनी घोडी हस्तिदंताची किंवा शिंगाची असेल तर तीच पुन्हा पुन्हा तासत बसण्यापेक्षा वेगळी घोडी बसवून घ्यावी आणि जुनी नाव-गाव लिहून जपून ठेवावी. हस्तिदंताचा व्यापार केव्हाच बंद झाला आहे, तशी घोडी पुन्हा मिळायची नाही.

अवघड प्रकरणं आहेतच. पुरुष गायकाचा, काळी एकला लागणारा मोठा मिरजेचा तानपुरा, आणि वारसा सांगणारी शिष्या काळी चारला गाणारी. बारीक तारा लावून बघता येतं, पण एवढ्या मोठ्या भोपळ्यातून वरच्या पट्टीचा नाद भरून येत नाही, आणि तारा ताणल्या तर तबली खचायची भीती. मग कुणीतरी सुचवतं की दांडी कापून आखूड करू. माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. कापलेली दांडी परत जुळत नाही, आणि कापून होणारा तानपुरा ना त्यांचा राहतो ना तिचा होतो. तिने आपल्या मापाचा नवा तानपुरा करून घ्यावा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण नुसत्या मानांकनाने कारागिरांची चूल पेटत नाही, त्यासाठी कुणीतरी वाद्यं विकत घ्यावी लागतात. गुरूंचा तानपुरा त्या पट्टीत गाणाऱ्या गुरुबंधूकडे जाऊ दे. वारसा म्हणजे रक्ताचाच किंवा लाडक्या शिष्येचाच, हा हट्ट इथे सोडावा लागतो. मुंबईत तानपुरा ठेवायला जागा कुठे आहे हा पुढचा प्रश्न, आणि मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रियाज करणाऱ्या पिढीला तो विचारणं मला थोडं क्रूर वाटतं. तरी विचारायला हवा.

पेटीचं प्रकरण याहून बिकट. रीड झिजलेत, काही बसलेत, दुहेरी सुरांत लाटा ऐकू येतात, मैफलीत ती नेता येत नाही. न घासता ती वाजणार नाही आणि घासली तर टिपणं गेली. इथे एक वाट आहे, जी माझ्या मते नियम व्हायला हवी. रीड ज्या फळीवर बसतात ती फळी स्क्रू काढले की सुटते. जुनी फळी रीडांसकट काढून ठेवावी, आणि त्याच खोक्यात नवी फळी, नव्या रीडांची, आज वाजवणाऱ्याच्या कानाला हवी तशी बसवावी. फळी काढण्याआधी प्रत्येक सूर एकटा वाजवून ध्वनिमुद्रित करावा, किती सेंटवर आहे ते लिहावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. काहीजण म्हणतील, मग पेटीत त्यांचं उरलं काय, नुसतं खोकं? हो, खोकं आणि पट्ट्यांवरची बोटांची झीज. पण त्यांचे सूर शाबूत आहेत, आणि उद्या कुणा अभ्यासकाला हवे असले तर ती फळी परत बसवून ऐकता येतील. आजच्या पद्धतीत खोकं उरतं आणि सूर जातात, तेव्हा हा सौदा वाईट नाही.

एवढं करायला खर्च येतो, हे खरं. नवी फळी नुसत्या ट्यूनिंगपेक्षा महाग पडते, आणि नामवंतांच्या कुटुंबांची परिस्थिती नावाइतकी मोठी असतेच असं नाही. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमांत शाली, हार, फ्लेक्स यांवर शिष्यवर्ग जो खर्च करतो, त्यातून एक फळी सहज निघेल असा माझा अंदाज आहे. एनसीपीएसारख्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) संस्थांकडे ध्वनिमुद्रणाची साधनं आहेत, संगीताचा संग्रहही आहे. नामवंतांची वाद्यं दुरुस्तीला जाण्याआधी त्यांचे सूर टिपून ठेवायची सोय एखाद्या संस्थेने केली तर तिला त्यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही.

पण सगळी भिस्त संस्थांवर ठेवून चालणार नाही, कारण वाद्य संस्थेकडे जात नाही, ते कारागिराकडे जातं. त्याला उघडून आत बघणारा तो एकटाच असतो. रीडवर आधी कुणाची कानस कुठल्या बाजूने फिरली आहे हे त्याला दिसतं, घरच्यांना दिसत नाही. मात्र त्याला पैसे मिळतात ते घासण्याचे. "ही पेटी गांधारला लावलेली आहे, सरळ केलीत तर पस्तावाल" असं सांगून त्याने गिऱ्हाईक परत पाठवलं तर त्याचा दिवस फुकट जातो. तेव्हा सुरुवात इथून व्हावी: वाद्य तपासून, सूर मोजून, लेखी अहवाल देण्याची वेगळी मजुरी ठरावी, आणि काम करू नका असा सल्ला मिळाला तरी ती गिऱ्हाइकाने मुकाट्याने द्यावी. डॉक्टरने ऑपरेशनची गरज नाही म्हटलं म्हणून आपण त्याची फी बुडवत नाही.